बोटांचे गणित मांडणारे काझी अजीजुल हक

आमच्या गोंदियात कंट्रोलच्या दुकानासमोरच्या रांगेत एक दृश्य हमखास दिसते. एखादी म्हातारी बाई मशीनवर अंगठा ठेवते. मशीन नाही म्हणते. ती पदराला बोट पुसते, पुन्हा ठेवते. पुन्हा नाही. मागचे लोक सुचवतात, दुसरं बोट लावून बघा, थोडं तेल लावा, उद्या सकाळी या. आमच्या मोहल्ल्यातल्या एका नानींचे असेच झाले. चाळीस वर्षं त्यांनी मांडीवर सूप घेऊन बिडी वळली. तेंदूचं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, धागा बांधायचा. दिवसाला शेकड्याने. पावसाळ्यात वरून धानाची रोवणी. त्या बोटांवरच्या रेषा कधीच्याच झिजून गेल्या आहेत. तीन फेऱ्या मारूनही अंगठा लागला नाही, तेव्हा नानींनी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला: हे बोटावरून माणूस ओळखायचं काम पहिल्यांदा काढलं तरी कुणी?

आम्ही शाळेत गणित शिकवतो. उत्तर आम्हाला ठाऊक होते, पण ते सांगताना थोडा संकोच वाटला. कारण ज्या लोकांनी हे काम उभे केले, त्यात एक फार मोठे नाव आपल्यातल्याच एका माणसाचे आहे. काझी अजीजुल हक. खान बहादूर, गणिती, बंगाल पोलिसातले सब-इन्स्पेक्टर. ठसेशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये हे नाव आज जगभर आदराने घेतात. आपल्या घरांमध्ये मात्र ते क्वचितच ऐकू येते. म्हणून आज त्यांची हकिकत सांगतो, आणि त्या निमित्ताने नानींच्या प्रश्नाचा जो दुसरा भाग आहे, तोही बोलून घेतो.

यतीम पोराची हुशारी

अजीजुल हक यांचा जन्म १८७२ सालचा. गाव पैग्राम कसबा, जिल्हा खुलना. तेव्हाचा बंगाल, आताचा बांगलादेश. नद्यांचा, होड्यांचा मुलूख. ते लहान असतानाच वालिद आणि वालिदा दोघेही होडीच्या अपघातात गेले. मोठ्या भावाच्या आधाराने घर चालू होते. खाणारी तोंडे पुष्कळ, कमाई तुटपुंजी.

घराण्यात चालत आलेली आठवण अशी की, या पोराला भूक फार लागायची आणि ताटात जास्त घेतले म्हणून एकदा भावाने त्याला मारले. वय वर्षे बारा. पोरगा घर सोडून निघाला आणि थेट कलकत्त्याला पोहोचला. ओळखीचे कुणी नाही, खिशात काही नाही. तिथे एका कुटुंबाशी त्याचा स्नेह जुळला. आकडेमोडीतली त्याची गती पाहून त्या लोकांनी त्याच्या शिक्षणाची सोय केली. पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजपर्यंत त्याने मजल मारली. विषय गणित आणि विज्ञान.

शिक्षक म्हणून इथे आम्ही थोडे थांबतो. आपल्या वस्तीत भुकेपायी, मारापायी शाळा सोडलेली अशी किती पोरं असतील? त्यातल्या एखाद्याच्या डोक्यात काय चालले आहे, हे पाहायला कुणीतरी लागते. अजीजुल यांना ते कुणीतरी भेटले. त्या घराचे उपकार इतिहासाने विसरू नयेत.

पोलिसांना हवा होता गणिती

तेव्हा बंगालचे पोलीस महानिरीक्षक होते एडवर्ड हेन्री नावाचे इंग्रज अधिकारी. त्यांच्यापुढे एक अडचण होती. चोरी करून शिक्षा भोगलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन नाव बदलतो. मग तो तोच आहे हे सिद्ध कसे करायचे? फोटो महाग, आणि हजारो फोटोंत एक चेहरा शोधायचा म्हणजे कठीणच.

फ्रान्समध्ये बर्तियाँ नावाच्या गृहस्थांनी एक पद्धत काढली होती. माणसाचे डोके किती लांब, किती रुंद, मधले बोट केवढे, पाऊल केवढे, अशी अकरा मापे घ्यायची आणि कार्डावर नोंदवायची. हेन्री यांनी ती बंगालमध्ये आणली. हा कारभार सांभाळायला आकड्यांत हुशार तरुण पाहिजे म्हणून त्यांनी प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे विचारणा केली. प्राचार्यांनी अजीजुल हक यांचे नाव दिले. १८९२ मध्ये ते सब-इन्स्पेक्टर म्हणून भरती झाले. वय जेमतेम वीस.

मापांचे काम करता करता त्यातली खोट अजीजुल यांच्या लक्षात आली. एकाच माणसाला दोन शिपायांनी मोजले तर दोन वेगळे आकडे येतात. एकाने पट्टी घट्ट धरली, दुसऱ्याने सैल. म्हणजे नोंद माणसाची होते की मोजणाऱ्याच्या हाताची? त्यांचे मन त्या पद्धतीवरून उडाले आणि ते बोटांच्या ठशांकडे वळले.

ठशांची कल्पना नवी नव्हती. १८५८ मध्ये हुगळीकडे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने एका कंत्राटदाराच्या हाताचा पंजा करारावर उमटवून घेतला होता. १८९२ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांचे ठशांवरचे पुस्तक लंडनमध्ये निघाले. दोन माणसांचे ठसे सारखे नसतात आणि ते जन्मभर बदलत नाहीत, हे तोवर मान्य होऊ लागले होते. अडचण वेगळीच होती. समजा कपाटात दहा हजार माणसांचे ठसे आहेत. आज एकाला पकडले. त्याचा कागद त्या दहा हजारांत आहे का, हे कसे शोधणार? एकेक काढून जुळवत बसले तर आठवडे जातील. गाल्टन यांची वर्गवारी मोठ्या संख्येला पुरी पडत नव्हती. ठसा सापडत नसेल तर तो असून नसल्यासारखा.

एक हजार चोवीस खाने

इथेच अजीजुल हक यांचे गणित कामी आले. आम्ही ते सहावीच्या वर्गात शिकवतो आणि पोरं खूश होऊन आपापली बोटे न्याहाळत बसतात. तुम्हीही घरी करून बघा.

आपल्याकडे बोटांवर शंख आहे की चक्र, हे बघायची जुनी सवय आहे. गोल गोल फिरणाऱ्या रेषा म्हणजे चक्र. एका बाजूने येऊन वळून परत जाणाऱ्या रेषा म्हणजे शंख. काही बोटांवर नुसती कमान असते. पहिल्या फेरीत एकच प्रश्न विचारायचा: या बोटावर चक्र आहे की नाही? दहा बोटे, प्रत्येकाला दोनच उत्तरे. दोनचा दहावा घात १०२४. म्हणजे जगातला प्रत्येक माणूस १०२४ पैकी कुठल्यातरी एका खान्यात बसतो.

आता खान्याचा पत्ता कसा काढायचा? उजव्या अंगठ्यापासून उजव्या करंगळीपर्यंत बोटांना १ ते ५ क्रमांक द्या. डाव्या अंगठ्यापासून डाव्या करंगळीपर्यंत ६ ते १०. पहिल्या जोडीत चक्र असेल तर त्या बोटाला १६ गुण, दुसऱ्या जोडीला ८, तिसरीला ४, चौथीला २, पाचवीला १. चक्र नसेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज वर लिहायची, विषम क्रमांकाची खाली, आणि दोन्हींत एक एक मिळवायचा. समजा कुणाच्या उजव्या अंगठ्यावर आणि डाव्या अनामिकेवरच चक्र आहे. दोन्ही बोटे विषम. खाली १६ अधिक १ अधिक १, म्हणजे १८. वर नुसता १. त्या माणसाचा पत्ता झाला अठरांश एक.

कपाटाला ३२ आडवे आणि ३२ उभे खाने. अपूर्णांक बघितला की हात थेट त्याच खान्यात जातो. एका खान्यात गर्दी जास्त झाली तर शंखाच्या रेषा मोजून पुढचे पोटविभाग करायचे, तेही अजीजुल यांनी बसवून दिले. १८९७ पर्यंत त्यांच्या कपाटात सुमारे ७,००० माणसांच्या ठशांचे कागद लागले होते, आणि हवा तो कागद काही मिनिटांत हाती येत होता. लाखो कागद झाले तरी ही रचना मोडणार नव्हती. त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांनी याच कामात ठसे तारेने कळवण्याची सांकेतिक पद्धत तयार केली. एक मुसलमान, एक हिंदू, दोघेही बंगाली सब-इन्स्पेक्टर. या शास्त्रात दोघांची नावे आज जोडीनेच घेतली जातात.

त्याच वर्षी सरकारने समिती नेमली. त्यात सर्वेयर जनरल स्ट्रॅहन आणि रसायनशास्त्रज्ञ पेडलर होते. त्यांनी कलकत्त्याचे काम तपासून शिफारस केली आणि १२ जून १८९७ रोजी ठशांच्या पद्धतीला मंजुरी मिळाली. कलकत्त्याचे ते कार्यालय जगातले पहिले ठसे कार्यालय म्हणून ओळखले जाते. हो, त्याच सुमारास अर्जेंटिनात हुआन वुसेटिच यांनीही स्वतंत्रपणे आपली पद्धत काढली होती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण इंग्रजी राज्यात आणि नंतर इतर अनेक देशांत चालली ती कलकत्त्याची.

नाव कुणाचे लागले

१९०० मध्ये एडवर्ड हेन्री यांचे पुस्तक आले. पद्धतीला नाव पडले हेन्री पद्धत. १९०१ मध्ये हेन्री लंडनच्या स्कॉटलंड यार्डला गेले आणि तिथे ठसे विभाग सुरू झाला. हेन्री पुढे तिथले पोलीस आयुक्त झाले, सर झाले. अजीजुल हक सब-इन्स्पेक्टरच्या खुर्चीत मागे राहिले.

हेन्री यांचे काहीच श्रेय नाही, असे आम्ही म्हणत नाही. कल्पनेच्या मागे ते उभे राहिले, पैसा आणि माणसे दिली, सरकारला पटवले. पण ज्या डोक्याने गणित सोडवले त्याचे नाव मुखपृष्ठावर आले नाही. कारकुनी जागेवरच्या काळ्या माणसाने विचार करायचा आणि गोऱ्या साहेबाने सही करायची, हा त्या काळचा रिवाज होता.

अजीजुल यांनी आरडाओरडा केला नाही, पण हक्कही सोडला नाही. १९१२ मध्ये बंगालपासून बिहार वेगळा झाला तेव्हा त्यांनी बिहार पोलीस सेवा पत्करली. १९१३ मध्ये खान साहेब आणि १९२४ मध्ये खान बहादूर हे किताब मिळाले. आपल्या कामाची दखल घ्यावी म्हणून ते सरकारकडे अर्ज करत राहिले. पाच हजार रुपयांचे मानधन आणि मोतीहारीला जमीन मिळाली. १९२६ मध्ये हेन्री यांनीही लंडनच्या इंडिया ऑफिसला कळवले की, आपल्या हाताखालच्या लोकांपैकी या वर्गवारीत सर्वांत मोठा वाटा अजीजुल हक यांचा होता. तोवर तीस वर्षे होऊन गेली होती. पद्धतीचे नाव काही बदलले नाही.

१९३५ मध्ये मोतीहारीला त्यांचे निधन झाले आणि तिथेच आपल्याच जमिनीत त्यांना दफन करण्यात आले. त्यानंतर पुष्कळ वर्षे हे नाव धुळीत पडून राहिले. दिल्लीच्या दोन संशोधकांनी, जी. एस. सोधी आणि जसजीत कौर यांनी, जुने कागद काढून या दोन विसरलेल्या भारतीयांची कामगिरी जगापुढे मांडली. इंग्लंडच्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेने अजीजुल हक आणि हेमचंद्र बोस यांच्या नावाने संशोधनाचा पुरस्कार सुरू केला. लाखो अनोळखी माणसांची ओळख पटवून देणाऱ्याची स्वतःची ओळख पटायला शंभर वर्षे लागली.

ठसा किती सांगतो

आता नानींच्या प्रश्नाचा दुसरा भाग. हे शोध चांगल्यासाठी होते की वाईटासाठी?

१८९८ चा एक खटला याचे फार चांगले उत्तर देतो. जलपायगुडी जिल्ह्यात काठालगुडी इथल्या चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा त्याच्या खोलीत खून झाला. तिजोरी फोडलेली. त्याच्या सामानात एक बंगाली पंचांग सापडले, त्यावर रक्ताळलेल्या बोटाचा पुसट डाग. कलकत्त्याच्या कार्यालयाने तो ठसा शोधून काढला. कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराचा. पूर्वी चोरीत शिक्षा झाल्यामुळे त्याचा कागद कपाटात होता. कोर्टाने काय केले? चोरीची शिक्षा दिली, खुनाची दिली नाही. कारण अंगठा तिथे लागला होता एवढेच ठसा सांगतो. खून कुणी केला हे तो सांगत नाही.

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोर्टाला जी मर्यादा कळली, ती आज आपण विसरत चाललो आहोत. मशीनने हो म्हटले की माणूस खरा, नाही म्हटले की खोटा, असे होऊन बसले आहे.

दुसरी गोष्ट दक्षिण आफ्रिकेची. हेन्री १९०० मध्ये जोहान्सबर्ग आणि प्रिटोरियाचे पोलीस उभे करायला तिकडे गेले होते. पुढे १९०६ मध्ये ट्रान्सव्हालच्या सरकारने फर्मान काढले: आठ वर्षांवरच्या प्रत्येक आशियाई माणसाने नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे आणि पोलिसाने मागितले की परवाना दाखवायचा. गुन्हा काय? भारतीय असणे. ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली. तिथे शेठ हाजी हबीब यांनी खुदाला साक्षी ठेवून कायदा न मानण्याची शपथ घ्यायचे सुचवले आणि सारी सभा उठून उभी राहिली. सत्याग्रहाची सुरुवात इथून मानतात. १९०८ च्या जानेवारीत तडजोड झाली तेव्हा गांधीजी स्वखुशीने ठसे द्यायला तयार झाले. त्यांचे म्हणणे, हातात शाई लावण्यात अपमान नाही, सक्तीत अपमान आहे. सरकारने शब्द पाळला नाही, कायदा तसाच ठेवला. मग १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर परवाने जाळण्यात आले.

आपल्या देशातही हेच झाले. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. १९११ च्या सुधारित कायद्याने नोंद झालेल्या माणसाचा ठसा केव्हाही घेण्याचा अधिकार सरकारला दिला. आपल्या विदर्भातल्या पारध्यांना विचारा, त्या शिक्क्याची जखम किती खोल आहे. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय अजून पुरता गेलेला नाही.

अजीजुल हक यांनी हे कायदे केले नाहीत. पण ते ज्या कचेरीत काम करत होते, ती कचेरी राज्यकर्त्यांची होती आणि कपाट रयतेचे होते. त्यांना फरिश्ता ठरवायची गरज नाही. हुन्नर त्यांचा होता, चावी दुसऱ्याच्या हातात होती. आजही प्रश्न चावीचाच आहे.

कलकत्त्याच्या कपाटापासून टेंभलीपर्यंत

२९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रातल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. दहा बोटे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे आणि चेहऱ्याचा फोटो. अजीजुल यांच्या कपाटात सात हजार कागद होते, इथे शंभर कोटींहून जास्त. आणि एक मोठा फरक. ते कपाट शिक्षा झालेल्यांसाठी होते. हे सगळ्यांसाठी आहे. धान्याला ठसा, पेन्शनला ठसा, सिमकार्डाला ठसा. शाळेत आम्हीच पोरांच्या आधारची माहिती भरतो, पाच आणि पंधरा वर्षांनंतर ठसे नव्याने द्यायला पालकांना पाठवतो.

यातून फायदाही झाला, तो नाकारून चालणार नाही. खोटी रेशनकार्डे, दुसऱ्याच्या नावावर उचललेला पैसा, याला काही आळा बसला. ज्याच्याकडे ना जन्मदाखला ना शाळेचा दाखला, त्याच्याही हाती एक कागद आला.

पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. बोट कसे बदलणार? दस्तावेजांवरच्या ठशांची नक्कल करून गरिबांच्या बँक खात्यातून पैसे काढल्याचे प्रकार देशात घडले आहेत. आता तर गोष्ट कातडीच्या आत गेली आहे. स्वीडनमध्ये काही हजार लोकांनी अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या कातडीखाली चिप बसवून घेतली आहे. त्या चिपवर दार उघडते, एकेकाळी रेल्वेचे तिकीटही चालायचे. आपल्या धानाच्या जिल्ह्यात समजेल असे सांगायचे तर चिप तांदळाच्या दाण्याएवढी. तिकडे ती स्वखुशीने आहे. उद्या एखाद्या मालकाने नोकरीसाठी अटच घातली तर? स्वखुशी आणि सक्ती यांच्यातली भिंत फार पातळ असते. हातावर पोट असलेल्या माणसासाठी तर ती जवळजवळ नसतेच.

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढे २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायम राहिले, पण खासगी कंपन्यांनी ते सक्तीने मागण्याला लगाम लागला. शाळेत प्रवेशासाठीही ते सक्तीचे नाही. दुसरीकडे २०२२ च्या नव्या कायद्याने अटक झालेल्यांचे ठसे, बुबुळे वगैरे नोंदी ७५ वर्षे जपून ठेवण्याची सोय केली. कपाट मोठे होत चालले आहे.

अमानत

आपल्याकडे अमानत हा शब्द लहान पोरालाही कळतो. कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती जशीच्या तशी जपायची, ज्या कामासाठी दिली त्याच कामाला वापरायची, मालकाने हिशोब मागितला तर द्यायचा. दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नये, कुणाच्या खासगी गोष्टी हुडकत बसू नये, हे आपल्याला दीनने फार आधी शिकवले. सूरह कियामतमध्ये बोटांच्या टोकांचा उल्लेख येतो, तो वाचताना तर आम्हाला हमखास अजीजुल हक आठवतात. रब्बाने प्रत्येकाच्या बोटावर वेगळी नक्षी काढली. ती नक्षी सरकारने, बँकेने, दुकानदाराने घेतली तर ती त्यांची मालमत्ता होत नाही, अमानतच राहते.

त्यातून तीन साध्या गोष्टी निघतात. ठसा कशासाठी घेता हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. ज्या कामासाठी घेतला त्यापलीकडे तो वापरू नये. आणि ठसा जुळला नाही तर मशीनची चूक धरावी, माणसाला खोटे ठरवू नये.

घरात करण्यासारखी कामेही आहेत. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये आपले ठसे कुलूपबंद करायची सोय आहे, वालिदैनच्या आधारला ते कुलूप लावून द्या आणि धान्याच्या दिवशी उघडा. कुठल्याही दुकानात, योजनेच्या नावाने बसलेल्या टेबलावर, कशासाठी ते कळल्याशिवाय अंगठा लावू नका. ज्यांची बोटे झिजली आहेत त्यांच्यासाठी मोबाईलवरचा ओटीपी, बुबुळाची तपासणी असे पर्याय आहेत. ठसा जुळत नाही एवढ्यावरून लाभ नाकारू नये, असे आधार यंत्रणेचेच निर्देश आहेत. तेव्हा रिकामी पिशवी घेऊन परत फिरू नका. नाही म्हणणाऱ्याकडून ते लिहून मागा आणि तहसील कार्यालयात पुरवठा निरीक्षकांना भेटा. सोबत मोहल्ल्यातला एखादा शिकलेला पोरगा न्या. हेही सवाबचेच काम आहे.

आमच्या नानींचा मोबाईल नंबर आधारला जोडून घेतला. आता अंगठा लागला नाही तर नातीच्या फोनवर ओटीपी येतो आणि धान्य मिळते. अजीजुल हक यांची हकिकत आम्ही त्यांना ओसरीवर बसून सांगितली. मारापायी घर सोडलेला यतीम पोरगा, त्याचे कपाट, साहेबाच्या नावाने छापलेले पुस्तक. नानींनी सगळे ऐकून घेतले आणि आपली गुळगुळीत बोटे उन्हात धरून बघत राहिल्या. मग त्यांनी त्या मरहूमसाठी दुआ केली, आणि विचारले की त्यांच्या कबरीवर तरी त्यांचे नाव नीट लिहिले आहे ना.

अल्लाह काझी अजीजुल हक यांची मगफिरत करो, आणि ज्यांच्या हाती आपल्या बोटांची अमानत आहे त्यांना ती जपायची अक्कल देवो. आमीन.